वीतभर आखूड काठी

तुझ्या काठीची मूठ हस्तिदंताची नाही, आत्या. हाडाची आहे. बैलाच्या नाहीतर उंटाच्या. नगरच्या जुन्या बाजारपेठेत जुन्या वस्तू घेणारे-विकणारे एक म्हातारे शेठ आहेत, त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पाच मिनिटांत सांगितलं. हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात, जाळीसारख्या. हाडावर काळे ठिपके दिसतात. भिंग माझ्याकडे देऊन त्यांनी मलाही बघायला लावलं. तुझ्या मुठीवर ठिपकेच ठिपके आहेत. "हस्तिदंत असता तर मी हातसुद्धा लावला नसता, कायद्यानं बंदी आहे," शेठ म्हणाले. "हाड आहे म्हणून बोलतोय." मुठीखालचं कडंही चांदीचं नाही, जर्मन सिल्व्हरचं आहे.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "त्येंचा चष्मा बदलाया झालाय."

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. दहाव्याला मी मिरजगावला आले होते. असल्या विधींवर माझा विश्वास नाही हे तुझ्या मुलाला, सुनीलदादाला, ठाऊक आहे, म्हणून त्यानं मला लांब लिंबाखाली बसू दिलं. भटजींना द्यायला छत्री, चपला आणि काठी मांडून ठेवली होती. लांबून मला वाटलं, ती तुझीच काठी. मी तरातरा उठून गेले. चार माणसांत भांडायची पूर्ण तयारी होती.

"बस गं खाली," दादा म्हणाला. "ही बाजारातनं आनलीय, नवी. आईची घरात हाय. आईनं सांगून ठिवलंय, काठी पोरीला द्या."

मी परत लिंबाखाली जाऊन बसले. खरं सांगू? मला वाटलं, हा तुझा शेवटचा टोला. ज्या काठीवरून मी तुला चारचौघांत बोलले, तीच माझ्या हातात देऊन गेलीस. म्हणूनच मी ती घेऊन नगरला गेले. "तुज्या बापाच्या तीन एकराला भारी हाय माजी काठी," हे तुझं वाक्य मला पाठ होतं. तिची किंमत काढायची आणि मनातल्या मनात तुला सांगायचं, बघ, काय घेऊन काय सोडलंस. तू गेल्यावरही मला जिंकायचं होतं. हे लिहायला जड जातंय, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

आजोबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. पारनेरकडच्या आपल्या गावात सगळी शेती पावसावरची. विहिरीखालची तेवढी बरी, त्यातले तीन एकर तुझ्या वाट्याला आले असते. आप्पांनी, म्हणजे तुझ्या धाकट्या भावानं, माझ्या वडिलांनी, तुला तालुक्याला नेलं. हक्कसोडपत्रावर तुझी सही झाली. तुला साडी मिळाली. आणि निघताना तू आजोबांची काठी मागून घेतलीस. पणजोबांना कुण्या साहेबानं बक्षीस दिलेली, हस्तिदंती मुठीची, चांदीच्या कड्याची काठी. आपल्याकडे सगळ्याच बहिणी अशी सही करतात. जी करत नाही, तिच्याबद्दल पुढची दहा लग्नं कुजबुज चालते.

आणि आप्पा कोण? मला पत्रकांवर वाचायला शिकवणारे आप्पा. आपल्या घरात गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. अंगात येणं, हुंडा, पाणी, बियाणं, बाईचा हक्क. गुलाबी कागद, पिवळा कागद, बोटाला शाई लागायची. आप्पा मास्तर. शाळा सुटली की सायकलीला गठ्ठा बांधून बाजाराच्या गावी जायचे. मागच्या कॅरिअरवर गठ्ठ्याला धरून मी. इतर मुली बडबडगीतं म्हणायच्या तेव्हा मी "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणायचे, आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. "आली माजी पुढारीन!" ते नाव तूच ठेवलंस. बाईच्या हक्काचं पत्रक आप्पांनी नेमकं त्याच वर्षी वाटलं होतं, ज्या वर्षी तुझी सही झाली. हे लक्षात यायला मला वीस वर्षं लागली, आणि लक्षात आलं तेव्हा मी आप्पांशी भांडले नाही. तुझ्याशी भांडले.

"का सही केलीस?" मी किती वेळा विचारलं असेल.

"सही न्हाई केली की म्हायेर तुटतं, बये. मला जमीन नगं हुती आसं न्हाई. मला यायाला दार पायजे हुतं."

"दारासाठी तीन एकर?"

"शिंगनापुरात घरांना दारंच न्हाईत म्हनं. तितं म्हायेर आसतं माजं, तर न्हवती करत सही."

मला हसू यायचं आणि हसल्याचा राग यायचा. तू वाद असाच जिंकायचीस.

मग तुझे गुडघे गेले आणि तू काठी धरलीस. आपल्या घरातली सगळ्यांत उंच बाई तू. लग्नाच्या फोटोत फेट्यासकट मामांच्या, तुझ्या नवऱ्याच्या, बरोबरीनं उभी आहेस. आणि ती तू काठीवर इतकी वाकून चालायला लागलीस की रस्त्यावर मला तुझं तोंड दिसायचं नाही, डोक्यावरचा पदर दिसायचा. मी औषधाच्या दुकानातून ॲल्युमिनियमची काठी आणली, बटण दाबलं की उंच होणारी. पुढच्या वेळी आले तर तू तिनं चिंचा पाडत होतीस. "लई ब्येस हाय गं. शेंड्यापर्यंत जाती."

"आत्या, चालायला ती घे. त्या काठीनं तू वाकतेस."

"ऱ्हाऊ दे. हिची सवय हाय."

सवय! या शब्दावर मी अख्खं पत्रक लिहिलं. सोळा पानांचं, हक्कसोडीवर. त्यातल्या नवव्या पानावरच्या चार ओळी मला आता झोपेतसुद्धा दिसतात: "माझ्या ओळखीची एक बाई आहे. भावासाठी तीन एकर सोडून तिनं बापाची काठी मागून घेतली. आज ती त्याच काठीवर वाकून चालते. सवयीच्या गुलामीला कणा नसतो." नाव लिहिलं नव्हतं. पण मिरजगावच्या बाजारात मी स्वतः ते विकायला उभी राहिले, तिथं नावाची गरज कुणाला होती?

बाजार उरकून मी तुझ्याकडे आले. तू ओट्यावर बसली होतीस, पत्रक मांडीवर, चष्मा नाकावर.

"आलीस का पुढारीन? च्या ठिवू?"

"वाचलंस?"

"वाचलं. सोळा पानं. चौथी शिकलीय मी."

"मग?"

"सही करनारी हाय त्यात. सही घेनारा कुटं हाय गं?"

मी म्हणाले, हा व्यवस्थेचा प्रश्न आहे आत्या, एका माणसाचा नाही.

"मंग माजा एकलीचा कना कशापायी मोजलास? त्यो काय येवस्थेचा हुता?"

सभेत मला कुणी असं अडवलं तर मी आवाज चढवते. तुझ्यासमोर ते जमलं नाही. चहा न घेता मी उठले. तू "आगं ए" म्हणून हाक मारलीस, मी वळून पाहिलं नाही. एसटी यायला वेळ होता, हायवेवर पाऊण तास उभी होते. परत येऊ शकले असते.

दिवाळीत तू दादाबरोबर फराळाचा डबा पाठवलास. चकल्या वेगळ्या कागदात, मला मऊ पडलेल्या आवडत नाहीत म्हणून. मी डबा घासून रिकामा परत दिला. साखरेचे चार दाणेसुद्धा टाकले नाहीत त्यात. आपल्याकडे शेजारणीलाही कुणी असा डबा परत देत नाही, आत्या, आणि मी तो तुला दिला. दादा सांगतो, तू झाकण उघडून पाहिलंस, परत लावलंस आणि म्हणालीस, "बिझी आसंल." त्यानंतर आपली भेट नाही.

तर नगरचे शेठ. मूठ झाली, कडं झालं. मग त्यांनी काठीवरून बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "लाकूड मात्र अस्सल आहे हं. लाकूड म्हणजे वेत, मलाक्काचा. समुद्रापलीकडून यायचा. बघा, एवढ्या लांबीत एकही पेर नाही. वजन बघा, पिसासारखं." मुठीखाली आरपार भोक आहे ना, त्यात तू सुतळी ओवून काठी खुंटीला अडकवायचीस, ते गोंड्यासाठी केलेलं असतं म्हणे. मनगटात अडकवायचा रेशमी गोंडा. मला उगाच अभिमान वाटायला लागला. मग त्यांनी काठी उलटी केली आणि हळहळल्यासारखा आवाज काढला.

"ही कुणी कापली?"

मी म्हटलं, कापली नाही, अशीच आहे.

"नाही ताई. काठी खाली निमुळती होत जाते. ही मध्येच थांबलीय. वीतभर तरी गेलीय खालून. आणि खालची टोपी बघा, मूळची लांब लोखंडी असणार. हे पितळ लेथवर कातलंय, पाण्याच्या मोटारीतल्या बुशाचं, म्हणजे आतल्या नळीचं असावं. पंधरा-वीस वर्षांचं काम आहे." त्यांनी काठी माझ्यासमोर ठेवली. "अखंड असती तर शौकीन माणूस शोधून दिला असता. कापलेल्या काठीला भाव नसतो."

मी जिंकले होते. तीन एकराच्या बदल्यात तू हाडाची मूठ, खोटी चांदी आणि वेत घेतला होतास, आता तोही कापलेला. पण आनंद कसला, मला भयंकर राग आला. तू जिवापाड जपलेली तुझी एकमेव वस्तू कुणी कापली? सासरच्या कुणी? मी तिथूनच मिरजगावची गाडी धरली.

तुमच्या गावात लेथ एकच, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी. रशीदचाचा मोटारीचा शाफ्ट कातत होते. काठी पाहिली आणि त्यांनी मशीन बंद केलं.

"ताईंची काठी," ते म्हणाले आणि हात पुसून त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली.

"चाचा, ही कुणी कापली?"

"म्या."

"कशाला?" माझा आवाज चढला असणार, कारण बाकड्यावर बसलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"तुला ठावं न्हाई? तुज्यासाठीच की. तू उसाच्या ट्रॉलीवरनं पडलीवतीस न्हवं का?"

पाचवीत होते मी. दिवाळीच्या सुट्टीत तुझ्याकडे आलेली. हायवेवरून कारखान्याला जाणाऱ्या ट्रॉल्या तुमच्या वळणावर हळू व्हायच्या आणि आम्ही मुलं मागून ऊस ओढायचो. माझा हात सुटला. मांडीचं हाड मोडलं. तू आप्पांना निरोप दिलास, "पाय नीट हुस्तवर पोर माज्याकडं," आणि मला चार महिने ठेवून घेतलंस, तिथल्या शाळेत बसवलंस. प्लास्टर निघाल्यावर मला काठी मिळाली होती. मला ती स्वच्छ आठवते: हिरव्या फडक्यानं जाड गुंडाळलेली मूठ, वर सुतळी. माझी हिरवी काठी. तू म्हणालीस बाजारातून आणली, मी विश्वास ठेवला. जी पोर सगळ्या जगाला पुरावा मागायची, तिनं तुला एकदाही विचारलं नाही, कुठल्या बाजारातून.

"म्या लई समजावलं," चाचा सांगत होते. "म्हनलं ताई, येवडी जुनी चीज, कापू नगा, बाभळीची करून द्येतो. तर म्हनल्या, बाभळीची बघितली एक दिस, पोर खांदा धरून बसली, जड हुती. ही हलकी हाय, वाकती पर मोडत न्हाई. तीनदा माप घेतलं त्यांनी. खुनंची रेघ सोता मारली, कोळशानं. म्या करवत ठिवली आन् थांबलो. माजाच हात चालंना. तर काय म्हनल्या ठावं हाय? 'चालीव रे. माज्या बापाची हाय, तुज्या न्हाई.'"

ते हसले, मग त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"त्यांनीच सांगू दिलं न्हाई. पोर मानी हाय म्हनल्या, कळलं तर हात लावायची न्हाई. पुढं त्यांचं गुडघं गेलं, तवा म्हनलं, ताई, खाली नळी बसवून लांब करून द्येतो. तर म्हनल्या, ऱ्हाऊ दे. पोरीच्या मापाची हाय."

मी चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. तुझी मान, तुझी पाठ, डोक्यावरचा तो पदर, सगळं एकदम समोर आलं. तू वाकायचीस कारण काठी वीतभर आखूड होती. काठी आखूड होती कारण मी अकरा वर्षांची होते. आणि मी लिहिलं, सवयीच्या गुलामीला कणा नसतो. तू ते चष्मा लावून वाचलंस, सोळाच्या सोळा पानं, आणि एका शब्दानं मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी तिथंच ओट्यावर मेले असते, हे तुला माहीत होतं. म्हणून तू चहाचं विचारलंस.

एक गोष्ट विचारायची राहिली. ते हिरवं फडकं कुठल्या साडीचं होतं? सहीच्या दिवशी आप्पांनी तुला दिलेली साडी हिरवी होती, असं आई सांगते. तू ती कधी नेसलेली कुणाला आठवत नाही. मी दोन आणि दोन जोडणार नाही. पुरावा नाही. पण रोज मनात येतं.

"कापलेला तुकडा?" मी चाचांना विचारलं.

"ताई घिऊन गेल्या पदरात."

तुझ्या घरी गेले. वहिनी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. धूर झाला म्हणून तिनं खिडकीची पत्र्याची झडप वर उचलली आणि खाली टेकू लावला. वीतभराचा, काळपट, टोकाला लांब लोखंडी टोपी असलेला टेकू. चार महिने मी तुझ्या घरी राहिले, नंतर कितीदा आले, आणि दर वेळी ती झडप मीच उघडायचे, कारण तुला धुराचा त्रास व्हायचा. मी तो काढून काठीला लावून बघितला. पितळी टोपीच्या खाली तो बरोबर पुढचा वाटला, निमुळता होत गेलेला. वहिनी म्हणाली, "न्यायचाय का, ताई?" मी परत झडपेला लावला. तू लावला होतास तिथं तो उपयोगी आहे.

आता घरची गोष्ट. पत्रकाच्या दोनशे प्रती शिल्लक आहेत. पुढच्या महिन्यात बायकांच्या मेळाव्यात त्या जायच्या आहेत. मी परवा सकाळी एका प्रतीचं नववं पान उघडलं आणि त्या चार ओळी पेनानं खोडल्या. पत्रक मागे घेतलेलं नाही. त्यातलं बाकीचं सगळं मला आजही मान्य आहे. पण तुझा प्रश्न तसाच होता: सही घेणारा कुठं आहे? तो पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होता. मी समासात लिहिलं: "ही सही घेणारा माणूस माझा बाप आहे. त्या विहिरीखालच्या तीन एकरांवर मी वाढले, शिकले, आणि त्या शिक्षणाच्या जोरावर सही करणारीचा कणा मोजला." मग पलीकडे जाऊन आप्पांना वाचून दाखवलं. शेठ, चाचा, टेकू, सगळं सांगितलं.

त्यांनी काठी मागितली. आजोबांच्या हातात ती त्यांनी अखंड पाहिलेली. उभे राहून टेकवून बघितली आणि तेही वाकले.

"किती प्रती उरल्यात?" त्यांनी विचारलं.

"दोनशे."

"शंभर इकडं दे."

आप्पा खाली बसले, सतरंजीवर, पाठीला उशी न घेता. प्रत्येक नवव्या पानावर, माझ्या छापील चार ओळी खोडून, त्यांनी लिहिलं, "ही सही मी घेतली," आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. मास्तरांचं अक्षर तुला माहीत आहे, ओळ न आखता सरळ. विसाव्या प्रतीनंतर ते तिरपं जायला लागलं. मी थांबा म्हटलं नाही. माझ्या शंभर प्रतींवर मी समोर बसून त्याच ओळी खोडून समासातला माझा मजकूर लिहीत होते.

यानं जमीन परत येत नाही. सुनीलदादाशी मी ते बोलले, तो म्हणाला, "आता ऱ्हाऊ दे गं." तुझाच मुलगा. मी राहू देणार नाही, आप्पांनाही ते सांगितलंय, आणि ते नाही म्हणालेले नाहीत.

काठी मी अशीच ठेवणार आहे, नळी न बसवता. मीही आता उंच झाले, हिच्यावर टेकले की मलाही वाकावं लागतं. तशीच वाकून हे सांगते, आत्या: तरीसुद्धा तू सही करायला नको होतीस.

बोल की गं.